मोडीचा ऑनलाइन वर्ग आणि न दिसणारे हात

वाचकाचे पत्र

मी पुराभिलेखांशी संबंधित नोकरीतून निवृत्त झाले असून गेली चौदा वर्षे आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी मोडी लिपीचा वर्ग घेते. परगावच्या लोकांच्या आग्रहावरून ऑक्टोबरच्या सुरुवातीस मी दहा आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग सुरू केला. तो दर शनिवारी सायंकाळी सहा ते आठ या वेळेत झूमवर भरतो. नावे नोंदवली ५८ जणांनी, सहाव्या आठवड्यात उरले १७. बहुतेकांचे कॅमेरे बंद असतात, प्रश्न विचारला की कोणी बोलत नाही, आणि मी भिंतीशी बोलते आहे असे वाटते. मागच्या फळ्यावर लिहिलेले दिसत नाही अशी तक्रार आहे. न्यू जर्सीची एक विद्यार्थिनी गेल्या शनिवारी बरोबर तासभर उशिरा आली आणि वेळ मीच बदलली असे तिला वाटले. रेकॉर्डिंग मागणारे पुष्कळ आहेत, पण ते गावभर फिरेल अशी भीती वाटते. मुलगा म्हणतो, ‘आई, सगळे एकदाच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाक आणि मोकळी हो.’ हा वर्ग लाइव्ह चालवण्यात काही अर्थ आहे का? कॅमेरा सक्तीचा करावा का?

– मोडी-शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: अर्थ आहे, आणि मोडीसारख्या विषयात तर तो इतर अनेक विषयांपेक्षा अधिक आहे. मात्र आज आपण ज्या रीतीने दोन तास चालवत आहात, त्यात लाइव्ह असण्याचा लाभ ना आपल्याला मिळतो, ना शिकणाऱ्यांना. ५८ चे १७ झाले याचे फार वाईट वाटून घेऊ नये. घरबसल्या नाव नोंदवणे सोपे असते, म्हणून उत्साहाच्या भरात नोंदवलेली नावे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गळणारच, आणि माझ्या स्वतःच्या वर्गांतही ती गळतात. पण सहाव्या आठवड्यापर्यंत टिकलेले लोकही गप्प असतील, तर दोष त्यांच्या निष्ठेचा नसून तासाच्या रचनेचा आहे असे मी समजतो.

वाचनालयातला आपला रविवार आठवून पाहा. चौदा वर्षे वर्ग घेतल्यावर कदाचित लक्षातही येत नसेल, पण त्या दोन तासांत आपण तीन वेगवेगळी कामे करता. काही वेळ आपण माहिती सांगता: यादवांचा प्रधान हेमाडपंत याच्याशी परंपरेने जोडलेली मोडीची कथा, शिवकालीन आणि पेशवेकालीन वळणांतला फरक, कागदावरच्या तारखा कशा लावायच्या वगैरे. काही वेळ आपण फळ्यावर अक्षरे काढून दाखवता. आणि उरलेला बराच वेळ आपण बाकांमधून फिरता, एखाद्याच्या मागे उभ्या राहता, ‘इथून नाही, खालून वर या’ असे म्हणता, आणि गरज पडली तर सरळ त्याचा हात धरून अक्षर वळवून देता. ऑनलाइन येताना आपण पहिली दोन कामे जशीच्या तशी उचलून आणली आणि तिसरे वाटेत गळाले. माणसे मात्र आपल्याकडे येतात ती त्या तिसऱ्या कामासाठी.

मोडीत हे का महत्त्वाचे आहे, हे मी आपल्याला सांगणे म्हणजे काशीत जाऊन गंगा दाखवण्यासारखे आहे, तरी इतर वाचकांसाठी थोडक्यात लिहितो. मोडी ही वेगाने लिहिण्याची लिपी आहे. आधी पानभर शिरोरेषा आखून घ्यायची आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरामागून अक्षर ओढत न्यायचे, अशी तिची रीत आहे. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. अशा लिपीत अक्षराच्या अंतिम आकाराइतकेच ते कोणत्या दिशेने काढले यालाही मोल असते. उलट्या दिशेने काढलेले अक्षर सुटे असताना बरोबर दिसते, पण पुढच्या अक्षराला जोडायची वेळ आली की मोडते, आणि ज्याचा हात त्या वाटेने कधी फिरलेलाच नाही, त्याला जुन्या कागदावरची तीच जोडणी ओळखताही येत नाही. ही चूक पूर्ण झालेल्या पानावर सहसा दिसत नाही. ती हात चालू असतानाच दिसते. म्हणून यूट्यूबवरचा व्हिडिओ कितीही उत्तम केला तरी तो आपला हात दाखवील, शिकणाऱ्याचा हात पाहू शकणार नाही.

तेव्हा माझा सल्ला असा आहे की जे आपल्याशिवायही होऊ शकते ते सारे लाइव्ह तासातून बाहेर काढावे, आणि जे आपल्याशिवाय होऊच शकत नाही त्यालाच तो तास द्यावा.

बाहेर काढण्याजोगे पुष्कळ आहे. सुहूर सनाचे, म्हणजे जुन्या मराठी कागदांवरच्या कालगणनेचेच उदाहरण घ्या. इसन्ने, सलास, आर्बा, खमस हे अरबी अंकशब्द, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, आणि येणाऱ्या आकड्यात महिन्यानुसार ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो, हे दोन पानांच्या पीडीएफमध्ये नीट बसते. शनिवारी संध्याकाळी ते तोंडी ऐकण्यापेक्षा मंगळवारी दुपारी निवांत वाचले तर अधिक लक्षात राहते. इतिहास, नेहमीची संक्षेपाक्षरे, पत्रांचे मायने या सर्वांचे तसेच. अक्षरांचा कित्ताही आधीच पाठवावा.

इथे आपल्या मुलाचे म्हणणे अर्धे बरोबर ठरते. अक्षर काढून दाखवण्याचे काम रेकॉर्ड करून ठेवावे, पण दोन तासांचे व्याख्यान म्हणून नव्हे, तर एकेका अक्षरगटाचे पाच-सहा मिनिटांचे तुकडे करून, ज्यात आपला चेहरा नसेल, फक्त बोरू, कागद आणि आवाज असेल. एडएक्स या शिक्षणमंचावरील चार अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहिले गेल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणाऱ्यांचे लक्ष सर्वसाधारणपणे फार तर सहा मिनिटे टिकते. मोडीच्या बाबतीत छोट्या तुकड्यांचा आणखी एक उपयोग आहे: अडलेल्या अक्षराचा तुकडा शिकणारा दहा वेळा मागे नेऊन पाहू शकतो आणि त्यासाठी त्याला कोणापुढे ओशाळावे लागत नाही.

आता तासातल्या आपल्या मांडणीकडे येतो. मागचा फळा सोडून द्यावा. आपण पुढे, फळा मागे आणि लॅपटॉपचा कॅमेरा दोघांनाही एका चौकटीत बसवणारा, अशा मांडणीत अक्षराच्या वाट्याला पडद्याचा नखाएवढा भाग येतो, आणि पाहणारा मोबाइलवर असेल तर तेवढाही नाही. माउसने व्हाइटबोर्डवर मोडी लिहिण्याचा प्रयत्न तर करूच नये. त्यातून जे उमटते त्याला वळण म्हणता येत नाही. सोपा उपाय असा: घरातला दुसरा मोबाइल टेबलाच्या वर, भिंग खाली येईल अशा रीतीने आडवा बसवावा आणि त्यावरून त्याच मीटिंगमध्ये वेगळ्या नावाने, समजा ‘बाईंचा हात’ या नावाने, सामील व्हावे. शे-दोनशे रुपयांचा स्टँड नसेल तर सारख्या उंचीचे दोन उभे डबे आणि त्यांवर दोन पट्ट्या एवढ्याने काम भागते. त्या मोबाइलचा माइक आणि आवाज दोन्ही पूर्ण बंद असावेत, नाहीतर दोन उपकरणे एकमेकांचा आवाज उचलून अशी किंचाळतात की वर्ग पांगतो. मग लॅपटॉपवरून त्या मोबाइलच्या चित्राला ‘स्पॉटलाइट’ करावे, म्हणजे सर्वांच्या पडद्यावर फक्त आपला हात मोठा दिसेल.

यात काही बारीक अडचणी येतात. मोबाइलचा मागचा कॅमेरा वापरावा, कारण समोरच्या कॅमेऱ्याचे चित्र आपल्याला आरशासारखे उलटे दिसते. विद्यार्थ्यांना ते सुलटच जात असते, पण स्वतःचे अक्षर उलटे पाहत लिहिताना चौदा वर्षांचा हातसुद्धा अडखळतो. कागद चिकटपट्टीने टेबलाला चिकटवून टाकावा. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डाव्या बाजूला समोर ठेवावा, म्हणजे हाताची सावली नेमकी अक्षरावर पडणार नाही. अक्षरे नेहमीच्या दुप्पट-तिप्पट मोठी काढावीत आणि रुंद तोंडाचा बोरू घ्यावा, कारण गटातल्या मीटिंगमध्ये चित्राची प्रत बेताचीच असते आणि बारीक टाकाची रेघ त्यात विरघळून जाते. जुना कागद दाखवायचा असेल तेव्हा मात्र हा कॅमेरा नको, स्कॅन केलेली प्रत स्क्रीन शेअर करून दाखवावी. स्थिर मजकुराला स्पष्टता लागते आणि हलत्या हाताला ओघ लागतो, या दोन गरजा वेगळ्या आहेत, आणि स्क्रीन शेअर सर्वसाधारणपणे स्पष्टतेकडे झुकलेले असते.

एक गमतीची गोष्ट इथे नोंदवतो. बोरूची किरकिर विद्यार्थ्यांना ऐकूच येत नाही, कारण ही सॉफ्टवेअर बोलण्याखेरीज इतर आवाजांना गोंगाट समजून पुसून टाकतात. हात किती दाबला जातो आहे हे त्या किरकिरीवरून कळते असे ज्यांना वाटते, त्यांनी झूमच्या ध्वनीच्या सेटिंगमधला ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय सुरू करून पाहावा. तो मुळात संगीतकारांसाठी केलेला आहे, पण बोरूलाही चालतो. अट एवढीच की छताचा पंखा बंद करावा लागेल.

कॅमेरा सक्तीचा करावा का, या आपल्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: चेहऱ्याचा कॅमेरा सक्तीचा करू नये. आपल्या वर्गात येणाऱ्यांमध्ये एकाच खोलीत घरच्या पाच माणसांसह बसलेले कोणी असेल, स्वयंपाक आटोपता आटोपता ऐकणारी कोणी असेल, दिवसाचा मोबाइल डेटा पुरवून वापरणारा कोणी असेल. झूमच्याच अंदाजानुसार चांगल्या प्रतीच्या चित्रासाठी सेकंदाला सुमारे ६०० किलोबिट लागतात, म्हणजे तासाला एका दिशेने साधारण २७० मेगाबाइट. केवळ आवाजासाठी ६० ते ८० किलोबिट पुरतात, म्हणजे तासाला २७ ते ३६ मेगाबाइट. हा फरक ज्याच्या खिशाला जाणवतो, त्याच्यावर ‘कॅमेरा लावा’ असे ओरडण्यात शहाणपण नाही. शिवाय तासभर स्वतःचा चेहरा पाहत बसण्याचाही शीण असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये अशा बैठकींच्या थकव्याची जी चार कारणे मांडली, त्यांत सतत जवळून रोखलेल्या नजरा, आरशासारखे सतत समोर असलेले स्वतःचे रूप, एका जागी जखडून बसणे आणि हावभाव समजून घेण्यासाठी पडणारा जादा ताण यांचा समावेश होता. आपणही स्वतःचे चित्र आपल्या पडद्यावरून लपवून टाका. वर्ग संपल्यावरचा शीण कमी झालेला जाणवेल.

आणि खरे पाहता आपल्याला त्यांचे चेहरे कुठे हवे आहेत? आपल्याला त्यांचे हात हवे आहेत. मग तेच मागावेत. ‘कॅमेरा कागदावर धरा, चेहरा दाखवू नका’ असे सांगितले की लाज, घरातली वर्दळ, मागचा पसारा असे निम्मे अडसर आपोआप दूर होतात. अडचण एकच आहे, की मोबाइल कागदावर टांगला तर पडदा पाहता येत नाही. म्हणून सर्वांनी सतत हात दाखवण्याची अपेक्षा न ठेवता पाळ्या लावाव्यात. सहा जणांचा एक गट दोन-तीन मिनिटांसाठी कॅमेरा कागदाकडे वळवील, आपण ठरलेली एक ओळ सांगाल, ते लिहितील, आणि बाकीचे माइक व कॅमेरा बंद ठेवून तीच ओळ आपापल्या वहीत काढतील. लॅपटॉपवर सहा हात एका वेळी सहज पाहता येतात, आणि आपल्यासारख्या सरावलेल्या डोळ्याला कोणाचा हात उलटा फिरतो आहे हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळेल. मग त्या एकाला नावाने हाक मारून, आपल्या ‘हाताच्या’ कॅमेऱ्याखाली तेच अक्षर सावकाश काढून दाखवावे. बाकांमधून फिरण्याच्या इतके जवळ जाणारे दुसरे काही मला तरी ऑनलाइन सापडलेले नाही.

याच्या जोडीला आदल्या दिवशी गृहपाठाच्या पानाचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर मागवावे. आलेल्या पानांपैकी चार-पाच निवडून, ज्याचे पान आहे त्याला आधी विचारून, शनिवारी सर्वांसमोर दुरुस्त करावीत. निवडताना सर्वांत वाईट पान घेऊ नये. ज्यातली चूक दहा जणांची आहे असे पान घ्यावे.

‘प्रश्न विचारला की कोणी बोलत नाही’ ही तक्रार ऑनलाइन शिकवणाऱ्या प्रत्येकाची असते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात प्रत्यक्ष वर्गांचा अभ्यास करून दाखवले होते की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक येऊ लागतात. ऑनलाइन वर्गात तर शिकणाऱ्याने प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर जुळवायचे, माइकचे बटण शोधायचे आणि दुसरे कोणी बोलत नाही ना याचा अंदाज घ्यायचा, एवढे सारे असते. तिथे दहा सेकंदांची शांतता ही काही मोठी गोष्ट नव्हे. ती आपल्याला असह्य वाटत असेल तर मनात मोडीची बाराखडी म्हणावी. आणि प्रश्न सभेला विचारू नये. ‘कोणाला काही शंका?’ या प्रश्नाला मराठी माणूस प्रत्यक्षातही गप्पच बसतो. ‘तिसऱ्या ओळीतला पाचवा शब्द सर्वांनी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, चॅटमध्ये लिहा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका’ असे सांगावे आणि मग एकदम पाठवायला लावावे. सतरा उत्तरे एका क्षणात उमटली की कोण कुठे चुकते ते आपल्याला कळते, आणि पहिले उत्तर पाहून बाकीच्यांनी तेच लिहिण्याचा मोहही टळतो. (चॅटमध्ये मोडी अक्षरे मागू नयेत. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले असले तरी पुष्कळांच्या मोबाइलवर तिचा फॉण्ट नसतो आणि नुसते चौकोन दिसतात.)

एकत्र वाचनाचा मात्र नाद सोडावा. वाचनालयात सगळे एका सुरात ओळ वाचतात, ते ऑनलाइन होऊ शकत नाही, आणि त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. आवाज एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला पोहोचायला वेळ लागतो. संभाषण सहज वाटावे यासाठी हा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे, आणि खेड्यातल्या मोबाइल जोडणीवर किंवा सातासमुद्रापार तो त्याहून वाढू शकतो. बोलण्यात तेवढे खपून जाते, पण एका सुरात वाचताना प्रत्येकाला इतर सगळे मागे पडलेले ऐकू येतात आणि ते सावरण्याच्या प्रयत्नात ओळीची शकले होतात. त्यापेक्षा एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी माइक बंद ठेवून त्याच्याबरोबर पुटपुटावे. ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे मीटिंगमधल्याच छोट्या वेगळ्या खोल्यांत, तिघातिघांना एकेक ओळ वाचायला देणे चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून चांगले चालते. त्याआधी अनोळखी माणसे तिथे नुसती एकमेकांकडे पाहत बसतात.

तासाची लांबी आणि तुकडीचा आकार यांबद्दल थोडक्यात. दोन तास फार होतात, सव्वा तास पुरे. तुकडी वीस जणांची ठेवावी आणि पुढच्या वेळी पुन्हा साठ नावे आली तर तीन तुकड्या कराव्यात, कारण साठ हात पाहणे आपल्याला शक्य नाही आणि हात पाहायचे नसतील तर लाइव्ह येण्याचे कारणच उरत नाही. वाढलेल्या कामाचे मोल म्हणून शुल्क वाढवायला संकोच करू नये. आपल्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाला थोडे मानधन देऊन को-होस्ट करावे. लोकांना आत घेणे, चॅट वाचणे, कोणाच्या घरचा कुकर शिट्टी देऊ लागला की त्याचा माइक बंद करणे ही कामे शिकवणाऱ्याने करू नयेत. माझ्या एका वर्गात वीज गेल्यावर मी वीस मिनिटांनी परतलो, तेव्हा बिचारे विद्यार्थी रिकाम्या पडद्याकडे पाहत बसलेले होते, कारण ‘थांबा’ किंवा ‘जा’ असे सांगणारे कोणीच नव्हते. तेव्हापासून मी को-होस्टशिवाय वर्ग घेत नाही. राउटरला लहानसा मिनी यूपीएस जोडला तर लॅपटॉपच्या बॅटरीच्या आधाराने अर्धा-पाऊण तास निभावून नेता येतो, आणि मोबाइलचे हॉटस्पॉट आधीच जोडून पाहिलेले असावे.

न्यू जर्सीच्या विद्यार्थिनीची चूक नाही आणि आपलीही नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे घेतली जातात. आपल्या सायंकाळी सहाला तिच्याकडे ऑक्टोबरमध्ये सकाळचे साडेआठ वाजत होते, ते आता साडेसात झाले आहेत. ती नेहमीप्रमाणे साडेआठला आली तेव्हा आपल्याकडे सात वाजले होते. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, तर दुबईत होतच नाही. म्हणून वेळापत्रकात भारतीय वेळेशेजारी प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याची स्थानिक वेळ तारखेनिशी लिहावी आणि बदलाच्या आठवड्यात आदल्या दिवशी एक निरोप पाठवावा. साडेसात ही तिला अवघड वेळ असेल तर उरलेल्या आठवड्यांसाठी तिच्याशी बोलून घ्यावे, पण एकीसाठी सर्वांची वेळ हलवू नये.

रेकॉर्डिंगच्या भीतीबद्दल मला वाटते की आपण दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. आपले अक्षरांचे छोटे व्हिडिओ फिरले तर फिरू द्यावेत. ते थांबवता येणार नाहीत, आणि ते पाहून दुरुस्तीसाठी माणसे आपल्याकडेच येतील. लाइव्ह तासाचे रेकॉर्डिंग मात्र वेगळे, कारण त्यात इतरांचे आवाज, चुका आणि हात असतात. ते करायचेच असेल तर सर्वांना आधी सांगून, संमती घेऊन करावे. हात दाखवण्याच्या पाळ्या सुरू असताना रेकॉर्डिंग थांबवून ठेवावे आणि पंधरा दिवसांनी ते काढून टाकावे. वर्गात अठरा वर्षांखालील कोणी असेल तर पालकांची संमती लेखी घ्यावी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीबाबत पालकांच्या संमतीवर भर दिलेला आहे. सरावासाठी जे कागद दाखवता, ते एखाद्या दप्तरखान्यातले असतील तर परवानगी पाहावी, आणि कोणाच्या घरचे असतील तर जमिनीच्या वादातले नाहीत ना, हेही पाहावे. हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार.

साधन कोणते वापरावे यावर मी फार शब्द खर्च करत नाही. झूमच्या विनाशुल्क खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत संपते, गूगल मीटच्या विनाशुल्क खात्यावर गटाची बैठक ६० मिनिटांत. आपण दोन तास चालवता त्याअर्थी झूमचे पैसे भरलेले आहेत, मग तेच चालू ठेवावे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये सुरू झालेले बिगब्लूबटन हे खुले सॉफ्टवेअर खास शिकवण्यासाठीच केलेले असून चांगले आहे, पण ते चालवायला सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. घरी मुलगा आहे म्हणून त्याच्या गळ्यात तेही घालू नका. लिंक फेसबुकवर उघडी टाकू नये आणि वेटिंग रूम सुरू ठेवावी, एवढी खबरदारी पुरे.

उरलेल्या चार आठवड्यांसाठी वर्ग बंद करून नव्याने मांडणी करण्याची गरज नाही. येत्या शुक्रवारपर्यंत सतरा जणांकडून एकेका पानाचे छायाचित्र मागवा आणि शनिवारी सहा ते सव्वासात एवढीच वेळ जाहीर करा. शुक्रवारी रात्री को-होस्टला आणि मुलाला घेऊन अर्धा तास रंगीत तालीम करा, ज्यात मुलगा दुसऱ्या खोलीतून स्वतःच्या मोबाइलवर पाहील आणि आपण काढलेली ओळ त्याला वाचता येते का ते सांगेल. त्याला मोडी येत नसेल तर अधिकच चांगले: त्याने ती ओळ पाहून कागदावर नुसती उतरवावी आणि त्याचा हात कोणत्या दिशेने फिरतो हे आपण कॅमेऱ्यातून ओळखून दाखवावे. दिवा कुठे ठेवायचा, कागद किती वर सरकवायचा आणि डबे किती उंच हवेत, हे त्या अर्ध्या तासात ठरून जाईल. टांगलेल्या मोबाइलच्या चार्जरची वायर मात्र लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने न्यावी. माझी एकदा बाहीत अडकली होती आणि वर्गाने पाच मिनिटे माझे छत पाहिले.